मदत हवी आहे : डिफेंडरमध्ये गोळी झाडताच यान दिसेनासे होते

शोधयात्री :
डिफेंडर या यान चालवून शत्रूंवर गोळ्या झाडायच्या जुन्या व्हिडिओ गेमचे कार्ट्रिज घेऊन चार दिवस झाले आणि माझा पुरता हिरमोड झाला आहे. बटण दाबले की गोळी सुटते, पण त्याच क्षणी माझे यान पडद्यावरून नाहीसे होते. काल एक लँडर (माणसांना पळवणारा शत्रू) माणसाला उचलून वर नेत होता. त्याच्यावर सलग गोळ्या झाडताना यानाचे नाक कोणत्या बाजूला आहे हेच मला कळेना, आणि तेवढ्यात तो वर पोचून त्याचा म्यूटंट, म्हणजे अधिक आक्रमक शत्रू, झालासुद्धा. स्मार्ट बॉम्ब (पडद्यावरचे सगळे शत्रू एकदम संपवणारा) आणि हायपरस्पेस (यानाला अचानक दुसरीकडे नेणारी उडी) तर कुठे सापडतच नाहीत. कार्ट्रिज खराब आहे का? परत करण्याची मुदत संपत आली आहे, त्यामुळे कृपया लवकर सांगावे.

नीलकंठ :
कन्सोल कोणता आहे, अटारी २६०० की ५२००? दोन्हींवर डिफेंडर निघाला होता आणि त्या दोन आवृत्त्यांत बराच फरक आहे. यान नुसते लुकलुकते की पूर्ण जाते, आणि इतर कार्ट्रिजे नीट चालतात का, हेही लिहावे.

रात्रपाळी :
टीव्हीवर गेम मोड सुरू करा. नवे टीव्ही चित्रावर प्रक्रिया करण्यात वेळ घालवतात आणि बटण दाबल्याचा परिणाम उशिरा दिसतो. माझा असाच त्रास त्याने गेला.

शोधयात्री :
कन्सोल २६०० आहे. ते वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. यान पूर्ण जाते, बाकीची कार्ट्रिजे व्यवस्थित चालतात आणि टीव्ही जुना, पिक्चर ट्यूबचा आहे, त्यामुळे गेम मोडचा प्रश्नच येत नाही.

नीलकंठ :
मग कार्ट्रिज चांगले आहे. १९८२ची ही आवृत्ती मुळातच अशी आहे. आर्केडच्या (नाणे टाकून खेळायच्या मूळ यंत्रावरच्या) डिफेंडरला वर-खाली जाण्यासाठी जॉयस्टिक आणि त्याशिवाय पाच बटणे होती. २६००च्या जॉयस्टिकला एकच बटण आहे. म्हणून यान खाली शहराच्या इमारतींमागे नेऊन बटण दाबले की स्मार्ट बॉम्ब फुटतो आणि पडद्याच्या अगदी वरच्या टोकाला नेऊन दाबले की हायपरस्पेस होतो. यान दिसेनासे होण्याचे मूळ हार्डवेअरमध्ये आहे : रॅम १२८ बाइट, आणि हलत्या आकृत्यांसाठी दोन स्प्राइट (छोटी चित्रे) आणि मिसाइल व बॉल नावाचे साधे ठिपके, दोन मिसाइल व एक बॉल, एवढाच ऐवज; त्यामुळे यान आणि गोळी एकाच वेळी दाखवणे जमलेले नाही.

तारांगण :
तडजोड सगळीकडेच झाली आहे. ग्रेडियस या अशाच यानाच्या खेळाच्या एनईएस (निन्टेंडोचा कन्सोल) आवृत्तीत आर्केडमधल्या चारऐवजी दोनच ऑप्शन (यानासोबत गोळ्या झाडणारे गोळे) मिळतात, तरी तो खेळ मनापासून खेळावासा वाटतो. माझे ऐकाल तर तोच घ्या.

दक्षिणवारा :
त्यांनी दुसरा खेळ सुचवा असे म्हटलेले नाही. आणि नीलकंठ, सगळा दोष हार्डवेअरवर टाकणे मला पटत नाही. डिफेंडरचा पुढचा भाग असलेला १९८४चा स्टारगेट याच २६००वर, याच १२८ बाइटांत चालतो आणि कितीतरी सरस आहे. त्यात स्मार्ट बॉम्ब आणि हायपरस्पेस दुसऱ्या जॉयस्टिकवर दिले आहेत.

नीलकंठ :
स्टारगेट सरस आहे हे मान्य, पण तो दोन वर्षांनंतरचा आहे आणि तोवर या यंत्राकडून काम कसे करून घ्यावे हे लोकांना अधिक उमगले होते. शिवाय एका हाताने यान सांभाळताना दुसरी जॉयस्टिक हाताशी ठेवावी लागते, हेही त्यांना सांगायला हवे.

दक्षिणवारा :
ती मांडीवर ठेवली तर जमते. मी तसाच खेळतो. गोळी झाडताना आपलेच यान न दिसण्यापेक्षा ही गैरसोय फारच किरकोळ आहे.

शोधयात्री :
आत्ताच करून पाहिले. इमारतींमागे जाऊन बटण दाबल्याबरोबर पडद्यावरचे सगळे शत्रू साफ झाले, त्यामुळे तो प्रश्न मिटला. पण गोळी झाडताना यान दिसत नसेल तर हा डिफेंडर मला ठेवायचा नाही. उद्या तो परत करतो. दुसरी जॉयस्टिक माझ्याकडे आहे, तेव्हा स्टारगेटचे कार्ट्रिज शोधायला लागतो.