हॅरीऐवजी फ्रेड आणि जॉर्जची मालिका असती तर

पिंपळपान
हॅरी पॉटरची सातही पुस्तकं मला मनापासून आवडतात, तरी प्रत्येक वाचनात एकच गोष्ट खटकते. ही कथा ज्या पोराच्या मागे फिरते, त्याच्याऐवजी ती फ्रेड आणि जॉर्ज वीझलीच्या, म्हणजे हॅरीचा मित्र रॉनच्या जुळ्या थोरल्या भावांच्या मागे जायला हवी होती. दोघं हसवतात म्हणून हे म्हणत नाहीये. भीतीच्या राज्यात साधी माणसं कशी जगतात, हा या मालिकेचा गाभा. त्यावर हातपाय हलवून सगळ्यात जास्त काम या दोघांनी केलंय, आणि आपल्याला ते दिसतं फक्त हॅरी तिथे हजर असेल तेव्हा.

चौथा भाग (२०००) बघा. झाडूवर बसून खेळायच्या क्विडिचच्या विश्वचषकात दोघं आपली सगळी शिल्लक, म्हणजे जादूगारांच्या नाण्यांत ३७ गॅलियन, १५ सिकल आणि ३ नट, लुडो बॅगमनकडे पैजेवर लावतात. आयर्लंड जिंकणार, पण स्निच हा उडता चेंडू समोरच्या संघातला क्रम पकडणार, असा अवघड अंदाज, आणि तो तंतोतंत खरा ठरतो. बॅगमन त्यांच्या हातावर लेप्रिकॉनचं सोनं टेकवतो, ते थोड्याच वेळात विरून जातं. जादू मंत्रालयातला बडा अधिकारी शाळकरी मुलांचे पैसे बुडवतो, पोरं वर्षभर पत्रं लिहून, त्याला गाठून आपले पैसे मागत राहतात, घरी आईनं त्यांच्या खोडीच्या वस्तूंचे ऑर्डरचे कागद जाळून टाकलेले. हे सगळं नीट कळतं कधी? पुस्तक संपता संपता, आगगाडीच्या डब्यात, काही संवादांत. एका अख्ख्या कादंबरीचा ऐवज तिथे उरकून टाकलाय.

पाचव्या भागातला (२००३) मंत्रालयानं शाळेवर लादलेल्या जुलमी अंब्रिजविरुद्धचा त्यांचा लढा तर सगळ्यांना आठवतच असेल. मला त्यात आवडतं ते शिक्षकांचं वागणं. या दोघांनी सोडलेले, वर्गात शिरलेले फटाके प्रोफेसर फ्लिटविक स्वतः सहज विझवू शकले असते. पण आपल्याला तसा अधिकार आहे की नाही याची खात्री नव्हती, असं ते अंब्रिजला सांगतात. दोन पोरांनी सुरुवात केली म्हणून मोठ्यांना असहकाराची वाट सापडली. मालिकेतला हा सगळ्यात राजकीय प्रसंग आहे, आणि तो आपण बाजूला उभं राहून बघतो.

शाईचा डाग
असहमत. तुम्ही दिलेली उदाहरणं चांगली आहेत, पण तीच तुमच्या विरुद्ध जातात.

कादंबरीच्या मध्यभागी असा कुणीतरी लागतो ज्याला काहीतरी ठाऊक नाही आणि ते कळल्याशिवाय चैन पडणार नाही. फ्रेड-जॉर्जला शाळेतला प्रत्येक चोरमार्ग आधीच माहीत असतो. शाळेत कोण कुठे आहे ते दाखवणारा तो जादूचा नकाशाच घ्या. पहिल्याच वर्षी त्यांनी तो शाळेचा रखवालदार फिल्चच्या कपाटातून उडवला, उघडायचा मंत्र स्वतः शोधून काढला, वर्षानुवर्षं वापरला, आणि तिसऱ्या भागात (१९९९) हॅरीला देऊन टाकला. त्यांच्या हातात ते एक उत्तम हत्यार होतं, तेवढंच. हॅरीच्या हातात येताच तो त्याच्या बापानं आणि बापाच्या मित्रांनी केलेला नकाशा ठरतो, त्यावर मेलेल्या समजल्या गेलेल्या माणसाचं नाव हलताना दिसतं, आणि सगळं कथानक उलगडतं. वस्तू तीच, पण कथा तयार होते ती अनाथ मुलाजवळ. वीझलींच्या घरात आई आहे, बाप आहे, सात भावंडं आहेत. त्या घराची ऊब आपल्याला इतकी जाणवते, कारण ते घर नसलेल्या मुलाच्या नजरेतून दिसतं.

काजवा
शाईचा डाग यांच्याशी सहमत, पण माझं कारण वेगळं आहे. या दोघांच्या खोड्यांची किंमत दुसरेच मोजतात, आणि आपण ते हसण्यावारी नेतो.

माँटेग्यू नावाच्या विद्यार्थ्याला त्यांनी डोकं खाली करून अदृश्य करणाऱ्या कपाटात कोंबलं. तो पुढे संडासात अडकलेला सापडला आणि कितीतरी दिवस भानावर नव्हता. त्याच अनुभवाची हकीकत ऐकून हॅरीचा शाळेतला वैरी ड्रॅको मॅल्फॉयला उमगलं की त्या कपाटाचा जोड काळ्या जादूच्या एका दुकानातल्या दुसऱ्या कपाटाशी आहे आणि तिथून हॉगवर्ट्समध्ये, म्हणजे त्यांच्या शाळेत, शिरता येईल. सहाव्या भागात (२००५) खलनायक वोल्डेमॉर्टचे साथीदार, प्राणभक्षी, शाळेत आले ते याच वाटेनं. आणि आत आल्यावर ड्रॅकोनं अंधार करायला फेकलेली पूड? ती फ्रेड-जॉर्जच्याच दुकानातली. त्याच दुकानात वशीकरणाची औषधंही विकायला होती, मुलींना, उघडपणे. माणसाच्या मनावर त्याच्या नकळत ताबा मिळवायचं औषध ही मला अजिबात गंमत वाटत नाही, विशेषतः ज्या मालिकेत वोल्डेमॉर्टचा जन्मच तशा फसवणुकीतून झालाय.

शिवाय अनेकदा वार होतो तो कमजोर बाजूवरच. रॉन तीन वर्षांचा असताना फ्रेडनं त्याच्या टेडी बेअरचा कोळी केला, त्याची भीती मोठेपणीही गेली नाही. पाचव्या भागात वर्ग बुडवण्यासाठी आजारी पाडणाऱ्या आपल्या गोळ्या ते पहिल्या वर्षाच्या पोरांवर पैसे देऊन तपासतात, हर्मायनीनं आईला पत्र लिहीन म्हटल्यावर कुठे थांबतात. असे नायक मला नकोत.

पिंपळपान
काजवा, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. यातली एकही गोष्ट मी नाकारत नाही. पण म्हणूनच मला ते मध्यभागी हवेत!

त्या पुडीचं बघा. अंधाराचा फायदा घेऊन शत्रू निसटले, पुढे लढाई झाली, आणि त्याच लढाईत नरलांडगा ग्रेबॅकनं बिलचा चेहरा फाडला. बिल त्यांचा सख्खा थोरला भाऊ. आपल्या दुकानात विकलेली पूड आपल्याच भावापर्यंत अशी पोचली, हे कळल्यावर त्या दोघांचं काय झालं असेल? मालिकेत रॉन एवढंच म्हणतो की गिऱ्हाईक कोण आहे ते बघून माल विका, असं त्यांना सांगायला हवं. विषय तिथेच संपतो. जुळे त्यावर काय बोलले, हे आपल्याला दाखवलंच जात नाही. दुय्यम पात्रांना लेखक हिशेब माफ करतो. नायकाला तो चुकवावाच लागतो. तुम्ही सांगितलेल्या एकेका प्रसंगाला पुढचं प्रकरण मिळालं असतं, तर ही मालिका आहे त्याहून प्रौढ झाली असती.

आणि त्यांच्या दुकानाची दुसरी बाजूही आहे. डायगन अ‍ॅली या जादूगारांच्या बाजारातली दुकानं फळ्या ठोकून बंद झालेली, छड्या बनवणारा ऑलिव्हँडर गायब, लोक मान खाली घालून भरभर चालतायत, आणि त्यांचं ९३ क्रमांकाचं दुकान मात्र लखलखतंय. वोल्डेमॉर्टचं नाव घ्यायला मोठमोठे जादूगार कचरतात, त्या काळात या पोरांनी त्याची टिंगल करणारी जाहिरात खिडकीत लावली. मिसेस वीझलींना ती वाचून धडकी भरली, आणि ती भीती खोटी नव्हती. मंत्रालयानं त्यांच्याकडून संरक्षक टोप्या ५०० नग मागवल्या, कारण तिथल्या कितीतरी कर्मचाऱ्यांना साधा संरक्षणाचा मंत्र धड जमत नव्हता. खोडीचा माल विकणारी पोरं युद्धसाहित्याचे पुरवठादार कधी झाली, हे मला त्या गल्ल्याच्या मागे उभं राहून वाचायचंय.

शाईचा डाग
हे पटलं, पण अर्धंच. हॅरीचा बाप जेम्स आणि त्याचा मित्र सिरियसचं उदाहरण मालिकेत आहेच ना? शाळेतले लाडके खोडकर. पाचव्या भागात हॅरी शिक्षक स्नेपची शाळकरी वयातली आठवण बघतो आणि बापानं एका एकट्या मुलाला सगळ्यांदेखत कसं नागवलं ते त्याला दिसतं. खोडकरपणातली क्रूरता लेखिकेनं तिथे पूर्ण ताकदीनं मांडली. जमलं कशामुळे? बघणारा बाहेरचा होता म्हणून. जेम्सच्या तोंडून तोच प्रसंग ऐकला असता तर आपण हसलो असतो. फ्रेडच्या तोंडून माँटेग्यूचं प्रकरण ऐकताना नेमकं तेच होतं.

मधली सुट्टी
चर्चेत एक मुद्दा राहतोय. 'फ्रेड-जॉर्ज' असं आपण एका दमात म्हणतो, पण ती दोन माणसं आहेत. फ्रेड आधी उडी घेतो, जॉर्ज थोडा सबुरीनं घेतो. सातव्या भागात (२००७) जॉर्जचा कान जातो, तेव्हा विनोद जॉर्ज करतो आणि फ्रेडच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग हॉगवर्ट्सच्या लढाईत फ्रेड जातो, आयुष्यभर ज्याची थट्टा केली त्या भावाच्या, पर्सीच्या शेजारी, त्याच्याच विनोदावर हसत असताना. एकोणीस वर्षांनंतरच्या उपसंहारात जॉर्ज कुठेच नाही.

मला हवी असलेली कादंबरी तिथून सुरू होते. दोघांच्या नावावर चालणारं दुकान एकट्यानं सकाळी उघडायचं. अर्धं वाक्य पूर्ण करणारा आता नाही. नवी वस्तू कुणाला दाखवायची? रॉन पुढे त्या दुकानात मदतीला आला, असं लेखिकेनं मुलाखतीत सांगितलंय. ज्या धाकट्या भावाची सगळ्यात जास्त चेष्टा केली, तोच शेजारी उभा. एवढ्यावर एक भाग सहज लिहून होईल, आणि त्यात वोल्डेमॉर्टची गरजच नाही.

काजवा
मधली सुट्टी, हे मी नक्की वाचेन. यात जॉर्जला उत्तरं द्यावी लागतील, आणि माझी मागणी तेवढीच होती.

पिंपळपान
शाईचा डाग यांचा 'बघणारा बाहेरचा हवा' हा मुद्दा मी मान्य करतो. मग निवेदक ली जॉर्डन घ्या. तो त्यांच्याच वर्षातला, जवळचा मित्र, त्यामुळे प्रत्येक बेत त्याला आधी कळणार, पण जुळ्यांच्या जोडीत तो कायम तिसराच राहणार. त्याला बोलता येतं हे क्विडिचच्या समालोचनात दिसलंच आहे. अंब्रिजच्या खोलीत निफ्लर हे चमकत्या वस्तूंमागे धावणारे प्राणी सोडले ते त्यानं, आणि संशय गेला प्राणी सांभाळणाऱ्या हॅग्रिडवर, म्हणजे दुसऱ्यावर शेकलेली खोडी काय असते हे त्यानं स्वतः पाहिलंय. सातव्या भागात छुपं रेडिओ केंद्र चालवून मेलेल्यांची नावं लोकांपर्यंत पोचवतो तोच, आणि फ्रेड तिथे खोटं नाव घेऊन बोलतो.

शाईचा डाग
ली जॉर्डन चालेल. पण मग माँटेग्यू रुग्णालयात असताना लीनं त्याला एकदा तरी बघायला जायला हवं. ते प्रकरण नसेल तर मी पुन्हा हॅरीकडे.