मयतच नालायक असेल तर प्रेक्षकाने तपास का बघावा?

सावली
४५ मिनिटांच्या एका भागाची पटकथा आहे. मयत हिशेबनीस. लोकांचे हिशेब सांभाळता सांभाळता त्यांची गुपितं गोळा करायची आणि दरमहा पैसे उकळायचे, हा त्याचा खरा धंदा. संशयित चार, चौघंही त्याने पिळलेली. तिसऱ्या मिनिटाला प्रेत सापडतं, दहाव्या मिनिटापर्यंत तो काय लायकीचा होता ते कळतं आणि तिथून पुढे कथा बसते. वाचणाऱ्यांचं म्हणणं एकच, "मेला ते बरं झालं, कोणी का मारेना." त्याला एक चांगला गुण दिला (भटक्या कुत्र्यांना खाऊ घालतो), तर तो चिकटवल्यासारखा दिसतो. खून करणारी बाई इतकी गरीब बिचारी झाली आहे की तिला सोडून द्यावं असंच सगळ्यांना वाटतं. शेवटी तिला अटक झाली तरी टोचावं आणि ती सुटली असती तरी टोचलं असतं, असं हवं आहे. दुरुस्ती नेमकी कुठे करू?

तिसरी घंटा
कुत्रा आजच काढा. दहा वाईट गोष्टींसमोर एक चांगली ठेवली की तोल साधतो, असं लिहिणाऱ्याला वाटतं. प्रेक्षक असा हिशेब मांडत नाही, त्याला फक्त लेखकाचा हात दिसतो.

मयत आवडायची गरज नाही. तो गेल्याने कुणाचं तरी काहीतरी अडलं पाहिजे. तो आला नाही हे सगळ्यात आधी कुणाच्या लक्षात आलं, हा सीन तुमच्याकडे आहे का? नसेल तर तो प्रेत सापडण्याच्या आधी घाला, दीड मिनिट पुरेल. त्या माणसाने रडायची गरज नाही. त्याचं काम खोळंबलं आहे आणि तो पुन्हा पुन्हा फोन लावतो आहे, एवढंच.

'कोलंबो' मालिकेतला १९७३ चा 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' हा भाग यासाठी बारकाईने बघण्यासारखा आहे. (पुढे रहस्यभेद आहे.) खुनी वाइनचा जातिवंत रसिक, मयत त्याचा सावत्र भाऊ, उधळ्या, वाइनरी विकायला निघालेला. प्रेक्षक सरळ खुन्याच्या बाजूने जातो. पण लेखकाने दोन गोष्टी करून ठेवल्या आहेत. एक, त्या भावाचं लग्न ठरलेलं आहे आणि तो बेपत्ता झाल्यावर होणारी बायकोच पोलिसांकडे धाव घेते. दुसरी गोष्ट खुनाची पद्धत. डोक्यात घाव घालून काम तिथेच संपत नाही. बेशुद्ध भावाला तळघरात बांधून, तिथली गार हवा बंद करून खुनी न्यूयॉर्कला निघून जातो. भाऊ गुदमरून मरतो. रागाच्या क्षणाला माफ करायला प्रेक्षक तयार असतो, पण इथे खुन्याला परत फिरायला भरपूर वेळ होता आणि तो फिरला नाही. पुढे त्याच बंद केलेल्या गारव्यामुळे साठ्यातली वाइन खराब होते आणि तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतो. ज्याच्यासाठी खून केला ते खुनानेच नासलं.

तुमच्या बाईने खून कसा केला ते लिहिलंच नाहीत. ढकललं आणि तो पडला, असं असेल तर तुमची अडचण तिथेच आहे. अपघातासारखा खून तिला आयता निर्दोष करतो.

रातकिडा
मला खोट साक्षींमध्ये दिसते. चार संशयित आणि चौघंही "तो मला पिळत होता" हेच सांगणार असतील, तर तपास पहिल्या जबानीतच संपला, उरलेल्या तीन नुसत्या पाढे आहेत. पटकथेत मयताबद्दल कुणीही बोलतं त्या सगळ्या ओळींवर खूण करा. ज्या ओळीतून नवीन काही कळत नाही ती कापा. माझा अंदाज, निम्म्या जातील.

मग हेतू वेगळे करा. पिळवणूक चौघांची असली तरी खुनाचं कारण प्रत्येकाचं निराळं असू शकतं. एकाला पैसे परवडत होते, पण मयताकडे त्याच्या भागीदाराविरुद्धचे कागद होते आणि ते त्याला हवे होते. म्हणजे हा बळी कमी आणि गिऱ्हाईक जास्त. दुसरीला मयताने कधीकाळी खरोखर वाचवलेलं आहे, पिळणूक नंतर सुरू झाली. "वाईट माणसाने छळलेली चार माणसं" यापेक्षा हे चित्र कितीतरी गुंतागुंतीचं होतं.

माहिती देण्याचा क्रमही बदला. दहाव्या मिनिटाला सगळं उघडं केलंत की पुढची ३५ मिनिटं नुसती पुष्टी करण्यात जातात. दहाव्या मिनिटाला तो फक्त चिकट आणि तुसडा असू द्या. वसुली पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास कळू द्या. आणि पस्तिसाव्याला असं काहीतरी आणा जे दोन्हींत बसत नाही. उदाहरणार्थ त्याची वही. पानाच्या डाव्या कडेला नावांची आद्याक्षरं, पुढे महिन्यांचे रकाने, रकान्यांत रकमा. एका नावापुढे सलग सहा महिने शून्य. शाई तीच, अक्षर तेच, खाडाखोड नाही. त्या नावाच्या माणसाला वाटतं आपल्याला दया दाखवली. तपास अधिकाऱ्याला वाटतं की याच्याकडून पुढे काहीतरी मोठं वसूल करायचं होतं. खरं काय ते सांगू नका. कुत्र्याने जे साधलं नाही ते हे शून्य साधेल, कारण ते त्याच्या धंद्यातूनच आलेलं आहे.

फ्लॅशबॅक जपून वापरा. जबानीतला शब्द खोटा असू शकतो हे प्रेक्षक धरून चालतो, पण डोळ्यांनी पाहिलेलं तो खरं मानतो. मयताचा क्रूरपणा एकदा पडद्यावर दाखवलात की संदिग्धता संपली. दाखवायचाच असेल तर एकच प्रसंग दोन माणसांच्या आठवणीतून दाखवा आणि दोन्हींत त्याचा सूर वेगळा ठेवा.

सावली
हो, ढकलणंच आहे, जिन्यावरून. ते बदलते. एक सुचवणी आली आहे की बाईने पुढे एका निरपराध साक्षीदारालाही मारावं, म्हणजे तिच्याबद्दलची सहानुभूती आपोआप कमी होईल. करावं का?

तिसरी घंटा
नको. मालिकांमध्ये ही पळवाट सर्रास दिसते. पहिल्या खुनाने उभा केलेला अवघड प्रश्न दुसऱ्या खुनाने पुसला जातो. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो, "चला, ती वाईटच होती." तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट.

रातकिडा
सरसकट नको म्हणू नये. दुसरा मृत्यू सहानुभूती कमी करायला आणला तर तो खोटा, पण पहिल्या बेतातूनच निघाला तर कथेला वजन येतं. 'बॅड सिस्टर्स' (२०२२) या मालिकेतला एका बहिणीचा नवरा इतका छळवादी आहे की त्याच्या मेव्हण्या त्याला मारायला निघतात आणि प्रेक्षक मनाने त्यांच्यात सामील होतो. (इथेही रहस्यभेद.) पण एकीने त्याच्यासाठी लावलेल्या सापळ्यात त्याची म्हातारी आई सापडते आणि मरते. त्या बहिणी एका क्षणात दुष्ट होत नाहीत, पण त्या बेताला हसणाऱ्या प्रेक्षकावरही त्याचा वाटा येतो. शिवाय तिथे चौकशी करणाऱ्या विमावाल्याच्या घरी गरोदर बायको आहे आणि पैसे द्यावे लागले तर त्याचा धंदा बुडतो. म्हणजे बहिणी सुटल्या तरी कुणीतरी भरडला जाणार. ४५ मिनिटांत दुसऱ्या मृत्यूला जागा नाही हे मात्र खरं. तुम्ही दुसरा मृत्यू न आणता दुसरं नुकसान आणा. खुनाच्या रात्री बाईने वही उचलली, आणि आता उरलेल्या सगळ्यांची गुपितं तिच्या हातात आहेत.

उलटतपासणी
जिना काढताय तर वेळेचा हिशेब पक्का करा. बहुतेक देशांच्या कायद्यात स्वसंरक्षणासाठी धोका त्या क्षणी समोर असावा लागतो, आणि प्रक्षोभामुळे सौम्य शिक्षा मिळवायची तर मन शांत व्हायला वेळ मिळालेला नसावा लागतो. शेवटची धमकी आणि खून यांत पाच मिनिटं असतील तर बचावाच्या वकिलाकडे बोलायला भरपूर आहे. मध्ये एक रात्र गेली असेल तर फिर्यादी पक्ष "पूर्वनियोजित" म्हणणारच. तुमच्या हेतूसाठी मधलं अंतर सोयीचं, साधारण ४० मिनिटं. आणि त्या वेळात तिने एक अगदी साधी गोष्ट केलेली असावी, म्हणजे मुलाचा डबा भरला, गॅस बंद केला, दाराला कुलूप लावलं. ती भानावर होती याचा पुरावा तोच, आणि तिला निर्ढावलेली ठरवायलाही तो पुरत नाही.

आणखी एक. पिळवणुकीचा पुरावा बाईला वाचवत नाही, उलट तिचा हेतू सिद्ध करतो. वकील तिला गप्प राहायला सांगेल. प्रेक्षकाला जे कळल्यावर ती जवळची वाटते तेच न्यायालयात तिच्यावर उलटतं. हा पेच तुम्हाला फुकट मिळतो आहे, वापरा.

ओवी
एक फरक सांगते, कारण मालिकावाले तो सतत विसरतात. दुसऱ्याचं नुकसान करणारा मयत वेगळा, आणि लोकांनी नावं ठेवलेला मयत वेगळा. व्यसनी, देहविक्रय करणारी, रात्री एकटी बाहेर असलेली यांनी कुणाचं काहीही वाकडं केलेलं नसतं. नॉर्वेचे गुन्हेशास्त्रज्ञ निल्स ख्रिस्ती यांनी १९८६ मध्ये 'आदर्श बळी' कसा असतो ते मांडलं. तो दुबळा असतो, काहीतरी सन्मान्य काम करत असतो, तिथे असल्याबद्दल त्याला कुणी दोष देऊ शकत नाही, आणि गुन्हेगार मोठा, वाईट आणि अनोळखी असतो. या चौकटीबाहेरच्या माणसाला समाज सहजासहजी बळी मानत नाही. तुमचा हिशेबनीस पहिल्या प्रकारातला, त्याचा वाईटपणा त्याच्या कृतीत आहे. म्हणून त्याला कुरूप, घामट, एकलकोंडा करू नका. रूप आणि एकटेपणाचा गुन्ह्याशी संबंध नाही, आणि तसं केलंत की प्रेक्षक कृतीऐवजी माणसाची किळस करायला लागतो. नीटनेटका, वेळेवर येणारा, सगळ्यांना नावाने हाक मारणारा असू द्या.

आणि अटकेच्या सीनमध्ये अधिकाऱ्याच्या तोंडी भाषण नको. त्याने जप्तीच्या यादीत वही लिहावी, पानं मोजावीत आणि एक पान कमी आहे हे बाईला विचारावं. ती काय उत्तर देते तिथे भाग तोडा.