वॉटर स्कीइंग शिकवताना पाण्यातून उठणेच जमत नाही; चूक नेमकी कोणाची?

प्रश्न
सरोवराकाठी आमचे तीन कुटुंबांचे सामाईक घर आहे आणि दर उन्हाळ्यात मित्रमंडळींसह आम्ही तेथे दोनेक आठवडे राहतो. मोटरबोट थोरले बंधू चालवतात. ते स्वतः एका स्कीवर, म्हणजे पाण्यावरून सरकण्यासाठी पायाला बांधायच्या लांब फळीवर, सफाईने जातात. परंतु सलग दोन उन्हाळे प्रयत्न करूनही नऊ वर्षांची भाची आणि चाळिशी ओलांडलेल्या वहिनी या दोघींना आम्ही उभे करू शकलेलो नाही. भाची उठता उठता पुढे तोंडावर पडते, तर वहिनी क्षणभर उभ्या राहतात आणि मागे बसतात. धक्क्यावरून दहा जण दहा सूचना ओरडत असतात, हे वेगळेच. आता दोघीही पाण्यात उतरायला तयार नाहीत. कोठे चुकत असावे?

पहिले उत्तर
आपल्या वर्णनावरून निम्मी चूक पाण्यात आहे आणि निम्मी सुकाणूवर. वहिनी मागे बसतात, याचे नेहमीचे कारण म्हणजे उठताना बोटीच्या दोराचे हँडल छातीशी ओढणे. हात आखडले की दोर क्षणभर सैल पडतो, आधार जातो आणि माणूस मागे कलंडतो. हात सरळ ठेवावेत, गुडघे छातीशी घ्यावेत, दोर दोन्ही स्कींच्या मधून जाऊ द्यावा आणि स्कींची टोके पाण्याबाहेर ठेवावीत. त्यानंतर स्वतः उठण्याचा प्रयत्न न करता, खुर्चीत बसलेल्या माणसाला कोणी हात धरून उठवावे तसे बोटीला आपल्याला उठवू द्यावे. स्की पाण्याच्या पृष्ठभागावर सरकू लागेपर्यंत गुडघे वाकलेलेच राहायला हवेत. भाची बहुधा ते लवकर सरळ करते, म्हणून तोंडावर पडते.

मात्र आपल्या बंधूंबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. एका स्कीवर उठणाऱ्या प्रौढाला बोटीची जोरदार ओढ लागते, आणि ज्याला तशी ओढ अंगवळणी पडली आहे तो इतरांनाही नकळत तशीच देतो. नऊ वर्षांच्या मुलीचे वजन ते किती! तिला तोच झटका दिला तर हँडल तरी हातून निसटेल, नाहीतर ती पुढे फेकली जाईल. आधी अगदी संथपणे दोर ताणून घ्यावा, तिने तयार असल्याचे सांगितल्यावरच वेग सलग वाढवावा, आणि मुलांसाठी ताशी 20 ते 25 किलोमीटरच्या पुढे जाऊ नये. दोन स्कींवरच्या प्रौढाला साधारण 30 ते 35 पुरेसा होतो. उलट बोट फारच रेंगाळली तर शिकणारा पाण्यातून नुसता फरफटत जातो आणि हात भरून येतात, हेही ध्यानात असू द्यावे.

दुसरे उत्तर
वरील मताशी सहमत आहे. या खेळाचा आरंभच अशा पडण्यातून झाला, हे वहिनींना अवश्य सांगावे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या लेक पेपिनवर 1922 च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युअलसन या तरुणाने प्रथम पिंपाच्या फळ्या, मग बर्फावरच्या स्की आणि अखेर पाइनच्या सुमारे आठ फूट लांब फळ्या पायांना बांधून पाहिल्या. बोट त्याचा भाऊ बेन चालवत होता (म्हणजे सुकाणूवर भाऊ असण्याची परंपरा जुनीच आहे). राल्फ पुन्हा पुन्हा बुडाला, कारण सुरुवातीला स्की पाण्याला समांतर राहत होत्या. 2 जुलै रोजी, एकोणिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, त्याने मागे रेलून टोके वर ठेवली आणि तो उभा राहिला.

त्या फळ्या रुंद होत्या, हा भागही महत्त्वाचा आहे. रुंद स्की कमी वेगातही पाण्यावर येते. भाचीला मोठ्यांच्या जुन्या स्की देत असाल तर ते थांबवावे. लहान मुलांच्या स्कींची टोके आखूड दोरीने जोडलेली असतात, त्यामुळे पाय फाकत नाहीत. बोटीच्या बाजूला आडवा दांडा बसवता आला तर फारच उत्तम. शिकणारा तो धरून बोटीशेजारीच उठतो आणि एकाच माणसाची सूचना त्याला ऐकू येते. सराव सकाळी लवकर ठेवावा, कारण वारा सुटल्यावर पाणी खवळते आणि नवशिक्याचा तोल राहत नाही.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद
आपणा दोघांचा आभारी आहे. हँडल छातीशी ओढण्याची गोष्ट वहिनींना वाचून दाखवली. त्यांनी लगेच मान्य केली. बंधूंनी मात्र ‘झटका’ हा शब्द मनाला लावून घेतला आहे. आरशात मागचे सर्व दिसते, म्हणून बोटीत दुसरा माणूस लागत नाही, असे ते म्हणतात. हे योग्य आहे का?

तिसरे उत्तर
योग्य नाही. चालकाची नजर पुढे हवी, म्हणून मागे पाहणारा जबाबदार माणूस बोटीत असलाच पाहिजे. कित्येक ठिकाणी तसा नियमच आहे. त्याच्याशी खुणा आधीच ठरवून घ्याव्यात: अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर थोपटणे म्हणजे धक्क्याकडे परत चला, आणि पडल्यावर दोन्ही हात डोक्यावर जुळवणे म्हणजे मी ठीक आहे. पडलेल्याला बोटीत घेताना इंजिन पूर्ण बंद करावे. केवळ गिअर काढून भागत नाही. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यालाही लागते, आणि दोर हाताला गुंडाळण्याची सवय कोणाला असेल तर ती आजच मोडावी. तोल गेला की हँडल सोडून द्यायचे, एवढे भाचीला काठावर कोरड्यातच चार वेळा करून दाखवावे. मुले सहसा ते घट्ट धरून ठेवतात आणि तशीच ओढली जातात.