लेकरपणी झालेला बाप्तिस्मा 'धरला जात नाही' का? पुन्हा घ्यावा का?

जालना_वर्ग

जय ख्रिस्त. दृढीकरणाच्या (तान्हेपणी बाप्तिस्मा झालेल्यांनी मोठेपणी विश्वासाची कबुली देण्याच्या) वर्गासाठी विचारतोय. वर्गातल्या मुलांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झालेला आहे, सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत, डोक्यावर पाणी ओतून. आता गावोगावच्या स्वतंत्र मंडळ्यांमध्ये त्यांना सांगितलं जातं की तो बाप्तिस्माच नव्हे, नुसतं डोकं ओलं केलं. विश्वास ठेवून पाण्यात बुडून घ्या.

तीन प्रश्न आहेत. लेकरांना बाप्तिस्मा द्यायला शास्त्रात आधार काय? बुडवणंच लागतं का? आणि एकदा झालेला पुन्हा घेतला तर नेमकं काय बिघडतं? प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये इफिसातल्या बारा जणांचा पुन्हा बाप्तिस्मा झाला, हे वचन मुलांपुढं सारखं ठेवलं जातं. त्याचंही उत्तर हवं. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर, असं मोघम नको.

---

बेथेल_वाट

इफिसापासूनच धरू, कारण मुलं तिथंच अडतात. त्या बारा जणांना पौल विचारतो की तुमचा बाप्तिस्मा कसला झाला, आणि ते सांगतात, योहानाचा. पवित्र आत्मा आहे हेसुद्धा त्यांच्या कानावर आलेलं नव्हतं. योहानाचा बाप्तिस्मा पश्चात्तापाचा, येणाऱ्याची वाट दाखवणारा. ख्रिस्ताच्या नावानं त्यांचा बाप्तिस्मा आधी झालाच नव्हता, मग 'पुन्हा' कुठून आलं? त्याच्या जरा वर, १८:२५ मध्ये अपुल्लो आहे. त्यालाही फक्त योहानाचाच बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला आणि अक्विला त्याला घरी नेऊन मार्ग नीट समजावून देतात, पण त्याचा नव्यानं बाप्तिस्मा झाला असं लूक कुठं लिहीत नाही. मुलांना हे दोन्ही उतारे एकामागोमाग वाचायला लावा.

आता लेकरांचं. 'तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा द्या' असं एकही वचन नाही, हे आधीच कबूल करा. नसलेलं वचन ओढूनताणून दाखवलं की पुढचं सगळंच मुलांना खोटं वाटायला लागतं. आधार आहे तो कराराचा. उत्पत्ती १७ मध्ये देव अब्राहामाशी करार करतो आणि त्याची खूण आठव्या दिवशी लेकराच्या अंगावर येते. अब्राहामाची सुंता विश्वासानंतरची (रोमकरांस ४:११), इसहाकाची विश्वासाआधीची. खूण तीच, करार तोच. कलस्सैकरांस २:११-१२ मध्ये पौल सुंता आणि बाप्तिस्मा एका ओळीत आणतो. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र म्हणतो की हे अभिवचन तुम्हाला आणि तुमच्या मुलाबाळांना आहे. हे ऐकणारे यहुदी होते. कालपर्यंत लेकरं करारात होती आणि आजपासून बाहेर, असं झालं असतं तर त्यावरून केवढी चर्चा उठली असती! सुंतेवरून पत्रंच्या पत्रं भरली आहेत, या बाबतीत मात्र चकार शब्द नाही.

जालन्याजवळचं बेथेल नारायण शेषाद्रींनी वसवलं ते फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या परंपरेतून, आणि तिथं बालबाप्तिस्म्याचा आधार हाच होता. या मताप्रमाणे बाप्तिस्म्यात बोलणारा आधी देव असतो, माणूस नंतर. लेकरू काहीच बोलू शकत नाही तेव्हा त्याच्यावर वचन उच्चारलं जातं, आणि दृढीकरणात ते मोठं होऊन त्या वचनाला उत्तर देतं. म्हणून तुमचा वर्ग हा बाप्तिस्म्याचाच दुसरा अर्धा भाग आहे, हे मुलांना पहिल्याच तासाला सांगा. हे न सांगता पाठांतर करून घेतलं की दृढीकरण परीक्षेसारखं होतं आणि बाप्तिस्मा जन्मदाखल्यासारखा. स्वतंत्र मंडळ्यांचं बोलणं मुलांना पटतं ते याच पोकळीमुळे.

---

उदगीर_पाणवठा

बेथेल_वाट यांनी वचन नाही हे कबूल केलं, त्याबद्दल आदर. पण कराराचा पूल वाटतो तितका भक्कम नाही.

यिर्मया ३१:३१-३४ वाचा. नवा करार जुन्यासारखा नसेल, असं संदेष्टा मुद्दाम सांगतो, आणि वेगळेपण कशात? लहानापासून थोरापर्यंत सगळे मला ओळखतील. जुन्या करारात माणूस जन्मानं येत होता, नव्यात देवाला ओळखून येतो. कलस्सैकरांसमध्ये पौल जी सुंता म्हणतो तीही हातांनी न केलेली, अंतःकरणाची. आणि १२ व्या वचनात लगेच 'विश्वासाच्या द्वारे' हे शब्द येतात.

घराण्यांचे दाखले नेहमी पुढं येतात: लुदिया, फिलिप्पैचा बंदिशाळेचा नायक, क्रिस्प, स्तेफन. प्रत्येक उतारा शेवटपर्यंत वाचावा. नायकाच्या सगळ्या घराला वचन सांगितलं गेलं (प्रेषितांची कृत्ये १६:३२) आणि विश्वासाचा आनंद सगळ्या घरानं केला (१६:३४). क्रिस्पानं सगळ्या घराण्यासकट विश्वास ठेवला (१८:८). स्तेफनाच्या घरच्यांनी पवित्र जनांच्या सेवेला वाहून घेतलं (१ करिंथ १६:१५). तान्हं लेकरू सेवा करत नाही. लुदियाच्या घरात कोण कोण होतं ते लिहिलेलंच नाही, त्यामुळे तिथून कोणालाच काही काढता येत नाही.

इतिहासही सरळ नाही. इसवी सन २०० च्या सुमारास कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लेकरांचा बाप्तिस्मा लांबवावा असं सांगतो. म्हणजे प्रथा तेव्हा होती, पण तिच्याविरुद्ध मंडळीतला माणूस उघड बोलू शकत होता. २५३ च्या कार्थेजच्या सभेपर्यंत वारं फिरलं आणि आठव्या दिवसापर्यंतही थांबू नका असं ठरलं. विसाव्या शतकात स्विस ईश्वरविज्ञानी कार्ल बार्थनं १९४३ मध्ये बालबाप्तिस्म्यावर टीका केली. तो स्वतः बालबाप्तिस्मा देणाऱ्या रिफॉर्म्ड परंपरेतला, बाप्टिस्ट नव्हे.

'पुन्हा' या शब्दाला मात्र आमची हरकत आहे. २१ जानेवारी १५२५ ला झुरिकमध्ये कॉनराड ग्रेबेलनं जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. विरोधकांनी या लोकांना 'पुनर्बाप्तिस्मावाले' ठरवलं, आणि ५ जानेवारी १५२७ ला फेलिक्स मान्त्सला लिमाट नदीत बुडवून मारलं. त्या माणसांचं म्हणणं शेवटपर्यंत एकच होतं: आमचा पहिला झालाच नव्हता, हाच पहिला. इफिसकरांस ४:५ मधला 'एकच बाप्तिस्मा' दोन्ही बाजू मानतात. तो एक कोणता, यावर सगळा वाद आहे. तुमच्या मुलांना भांडणाचं हे मूळ कळलं तर अर्धी कटुता जाईल.

एक गोष्ट आमच्याच लोकांना सांगायची. बाप्तिस्मा न घेता किंवा 'चुकीचा' घेऊन मेला तो गेला, असं जे सांगतात ते विश्वासणाऱ्यांच्या बाप्तिस्म्याचीच शिकवण मोडतात. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या चोराला पाणी लागलं नव्हतं. धाक घालून पंधरा वर्षांच्या पोराला पाण्यात उतरवलं, तर तो त्याचा स्वतःचा निर्णय कसा?

---

वैजापूर_रोड

कॅथलिक बाजू थोडक्यात. आमच्याकडे याला स्नानसंस्कारही म्हणतात. आमचा पहिला प्रश्न 'कोणाचा विश्वास किती' हा नसतो. प्रश्न असतो तो झाला की नाही, एवढाच. त्याला तीन गोष्टी पाहतात: खरं पाणी, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाचे शब्द, आणि देणाऱ्याचा हेतू, म्हणजे मंडळी जे करते तेच करण्याची इच्छा. तिन्ही असतील तर बाप्तिस्मा झाला, देणारा कोणत्याही मंडळीचा असो. प्राण जायच्या घाईत तर बाप्तिस्मा न झालेली व्यक्तीसुद्धा देऊ शकते.

हे सहज ठरलेलं नाही. तिसऱ्या शतकात कार्थेजचा बिशप कुप्रियान म्हणायचा की पाखंड्यांनी दिलेला बाप्तिस्मा पोकळ, परत द्या. रोमचा बिशप स्तेफन म्हणायचा, नाही, फक्त हात ठेवून आत घ्या. ३१४ मध्ये आर्लच्या सभेनं त्रैक्याच्या नावानं झालेला परत द्यायचा नाही असं ठरवलं. पुढं दोनातवाद्यांशी (पतित पाळकांनी दिलेले संस्कार न मानणाऱ्या गटाशी) वाद घालताना ऑगस्टिननं मुद्दा पक्का केला: संस्कार ख्रिस्ताचा, देणाऱ्याच्या चांगुलपणावर तो टिकून नाही. तसं नसतं तर पाळक पुढं जाऊन विश्वासातून पडला की त्याच्या हातून बाप्तिस्मा झालेलं अख्खं गाव अधांतरी लटकलं असतं. पुन्हा बाप्तिस्मा दिल्यानं काय बिघडतं, याचं आमचं उत्तर हेच: देवानं आपलं वचन पहिल्यांदा पाळलं नाही, असं त्याचा अर्थ सांगतो.

शब्दांत चूक कुठं होते ते सांगतो. देणाऱ्यानं 'मी' म्हणायचं. 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हटलेला बाप्तिस्मा अवैध, असं रोमनं २०२० मध्ये स्पष्ट केलं, कारण देणारा खरा ख्रिस्त आहे, जमाव नव्हे. मराठीत मोठेपणानं 'आम्ही' तोंडात येतं, म्हणून जपावं. काही मंडळ्या फक्त 'येशूच्या नावानं' देतात आणि त्रैक्य मानत नाहीत. तो आम्ही धरत नाही. आणि पाणी ओतणारा एक, शब्द म्हणणारा दुसरा, असं होऊ नये.

झाला की नाही अशी खरी शंका असेल, दाखला नाही, साक्षीदार नाही, तर 'तुझा बाप्तिस्मा झाला नसेल तर मी तुला…' असं अट घालून देतात. नुसतं मन भरलं नाही म्हणून देत नाहीत.

---

जालना_वर्ग

खूप उपयोग झाला. दोन गोष्टी राहिल्या. बुडवणं की ओतणं याचं सविस्तर कोणी सांगेल का? आणि बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या लेकराचं काय, हा प्रश्न वर्गात येतोच. घरात तसं घडलेलं असतं.

---

गोदाकाठ

आधी पाण्याचं. 'बाप्तिझो' या ग्रीक शब्दाचा पहिला अर्थ बुडवणे हाच, यात शंका नाही. पण लूक ११:३८ मध्ये येशूनं जेवणाआधी हात धुतले नाहीत म्हणून परूश्याला नवल वाटतं, तिथंही हेच क्रियापद आहे. जेवायच्या आधी कोणी सबंध अंग बुडवत नसे. १८३०च्या दशकात बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी बंगाली भाषांतरात 'बुडवणे' हा अर्थ घातला, त्यावरून बायबल सोसायटीशी त्यांचं फाटलं. मराठी शास्त्रात 'बाप्तिस्मा' हा शब्द तसाच ठेवलेला आहे, त्यामुळे शब्दावरून निकाल लागत नाही.

निकालाच्या जवळ नेते ती दिदाखे, अगदी सुरुवातीच्या मंडळीची नियमांची छोटी पुस्तिका. तिच्या सातव्या भागात क्रम दिलाय. वाहत्या पाण्यात द्या. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात. गार नसेल तर कोमट. दोन्ही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. घेणाऱ्यानं आधी एक-दोन दिवस उपास करावा. म्हणजे बुडवणं पसंतीचं आणि पाण्याची टंचाई असेल तर ओतणं पूर्ण चालणारं. एप्रिल-मे मध्ये टँकरवर जगणाऱ्या आपल्या भागाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आणि बुडवणं म्हणजे मोठ्यांचाच बाप्तिस्मा, असंही नाही: ऑर्थोडॉक्स मंडळी तान्ह्या लेकराला तीनदा बुडवते.

ओतताना: पाणी कातडीवरून वाहिलं पाहिजे. दाट केसांवर चार थेंब टाकले तर केसच ओले होतात, म्हणून कपाळापासून मागं ओतावं. ओंजळ किंवा शिंपली, तीनदा, आणि प्रत्येक नावाला एकदा. बाळाचं डोकं किंचित खाली, म्हणजे नाकात पाणी जात नाही.

बुडवताना: सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि तीन फूट खोल हौद पुरतो, काठोकाठ भरला तर सुमारे दीड हजार लिटर, आणि त्याच पाण्यात पंधरा-वीस जणांचा होतो. घेणाऱ्यानं एका हातानं नाक धरायचं, देणाऱ्याचा हात मानेखाली, गुडघे वाकवून मागं न्यायचं. शेततळ्यात कृपा करून कोणाला उतरवू नका. तळाचा प्लास्टिक कागद शेवाळानं निसरडा असतो, कडेचा उतार तीव्र, पाय घसरला की धरायला काही नसतं आणि पोहणाराही वर येऊ शकत नाही. गोदावरीत उतरायचं तर जायकवाडीतून पाणी सोडलंय का याची आधी चौकशी करा.

लेकराचं: ऑगस्टिननं मूळ पापाच्या शिकवणीतून, अशी लेकरं देवाच्या राज्यात जात नाहीत, त्यांना अगदी सौम्य का होईना शिक्षाच आहे, असा कठोर निष्कर्ष काढला होता. पुढं 'लिंबो'ची कल्पना आली, जिथं दुःख नाही पण देवदर्शनही नाही. ती कधीच बंधनकारक शिकवण नव्हती, आणि २००७ मध्ये कॅथलिक आंतरराष्ट्रीय ईश्वरविज्ञान आयोगानं अशा लेकरांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं मांडलं. कॅल्विननं तर विश्वासणाऱ्यांचं लेकरू बाप्तिस्म्याआधी गेलं म्हणून हरवत नाही, असं सोळाव्या शतकातच लिहिलं. वर्गात हे आधी सांगा, सिद्धांत नंतर. ज्या मुलाचं भावंड गेलंय ते फक्त एवढंच ऐकायला बसलेलं असतं.

---

माजलगाव_मळा

एक भर. पाण्याशिवाय ख्रिस्ताचं होता येतं का, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि १९१७ मध्ये 'देवाचा दरबार' मांडला तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही त्यात जागा दिली. बाप्तिस्मा नको असं ते म्हणत नव्हते. तो परकीय मिशनच्या सभासदत्वाची चिठ्ठी होऊ नये, हे त्यांचं दुखणं होतं. वर्गातल्या मोठ्या मुलांना यावर बोलतं करा.

---

बेथेल_वाट

शेवटची कामाची गोष्ट, कारण सीएनआयचा उल्लेख आहे. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या. त्यांत अँग्लिकन होते, तसे बाप्टिस्ट आणि ब्रेदरनही होते. म्हणून सीएनआयमध्ये दोन्ही वाटा मान्य आहेत: बालबाप्तिस्मा आणि नंतर दृढीकरण, किंवा तान्हेपणी फक्त अर्पण आणि आशीर्वाद, आणि मोठेपणी कबुलीनंतर बाप्तिस्मा. तुमच्या गावात एखाद्या जोडप्याला थांबायचं असेल तर मंडळी सोडायची गरज नाही. उदगीर_पाणवठा यांच्या मताला तिथं घर आहे. मान्य नाही ती एकच गोष्ट, एकाच माणसावर दोन्ही करणं. मंडळ्यांच्या जागतिक परिषदेच्या १९८२ च्या लिमा मसुद्यातही बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, आणि तसा समज होईल असं काही करू नये, असंच आहे.

मुलांना पाण्याचा अनुभव हवा असेल तर दृढीकरणाच्या उपासनेत बाप्तिस्म्याच्या वेळची वचनं नव्यानं घ्यायला लावा. सैतानाला नाकारता का, पित्यावर, पुत्रावर, पवित्र आत्म्यावर विश्वास ठेवता का, हे प्रश्न एकेकाला नावानं विचारा. घोळक्यानं 'होय' म्हणवून घेऊ नका. मग प्रत्येकानं पुढं येऊन बाप्तिस्म्याच्या पात्रात हात बुडवून स्वतःच्या कपाळाला लावावा. तुम्ही पाणी ओतायचं नाही आणि 'मी तुला बाप्तिस्मा देतो' हे शब्द उच्चारायचे नाहीत. उपासनेच्या आधीच्या आठवड्यात रजिस्टर काढून प्रत्येकाची नोंद त्याला स्वतःला वाचायला द्या: तारीख, आईबापांचं नाव, पाळकांची सही. नोंद सापडली नाही अशी एक-दोन मुलं निघतीलच. त्यांच्याबद्दल आईबापांशी आणि पाळकसाहेबांशी आधीच बोलून ठेवा, ऐन रविवारी नको.