"एक किलोच्या आतलाच लॅपटॉप घ्या" हा सल्ला अर्धवट आहे

डोंबिवलीकर
परवा इथे एकाने ठोकून दिलं की लोकलने फिरणाऱ्याने एक किलोच्या आतलाच लॅपटॉप घ्यावा, बाकी आकडे बघूच नयेत. खाली "सहमत, सहमत" अशी रांग. नव्याने नोकरीला लागलेली मुलं हे वाचून पैसे घालवतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

वजन मशीनचं नाही, सॅकचं मोजा. ९९० ग्रॅमचं मशीन घेतलं आणि सोबत जुन्या धाटणीचा अडॅप्टर व तीन पिनांची जाड वायर आली, तर वर ३५० ते ४०० ग्रॅम चढले. सव्वा किलोचं, टाइप-सीवर चार्ज होणारं मशीन आणि सव्वाशे ग्रॅमचा ६५ वॅटचा गॅन (गॅलियम नायट्राइडचा, आकाराने छोटा) चार्जर यांची बेरीजही तेवढीच येते, आणि त्याच चार्जरवर फोनही भागतो.

दुसरं म्हणजे बॅटरी. वजन उतरवायचं म्हटलं की बहुतेक वेळा तिच्यावरच कात्री चालते. "१२ तास" ही जाहिरात सोडा, वॉट-अवर बघा, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते तो आकडा. लिखाण आणि ब्राउझिंगला मशीन सरासरी ६-७ वॅट खातं, व्हिडिओ कॉलला १२-१५. ३८ वॉट-अवरची बॅटरी कॉलवर तीन तासांत आटोपते, ५४ची चार तास काढते. तिसरं म्हणजे, रॅम बोर्डावरच सोल्डर असेल तर पहिल्याच दिवशी १६ जीबी घ्या, नंतर वाढवता येत नाही.

विरार_फास्ट
अहो, सकाळच्या चर्चगेट गाडीत लॅपटॉप उघडतो कोण? सॅक छातीवर घेऊन उभं राहायचं असतं. घरी प्लग आहे, ऑफिसात प्लग आहे. दोन्हीकडे एकेक चार्जर ठेवला की वाहायचा प्रश्नच मिटला. मग तुमच्या बेरजेत उरतं फक्त मशीन, आणि तिथे पाव किलोचा फरक खांद्याला कळतो. जिना चढताना वॉट-अवर कामाला येत नाहीत.

डोंबिवलीकर
दोन चार्जरचा मुद्दा मान्य. पण ज्याचं ऑफिस एकच आहे त्यालाच तो लागू. क्लायंटकडे अंधेरी, मग ठाणे, मग फोर्ट अशी फिरती असणाऱ्याला नाही. आणि छातीवरच्या सॅकला जो दाब बसतो त्याचं काय? अतिहलक्या मशीनचं झाकण वाकतं. त्याच कप्प्यात चार्जर किंवा डबा असला की तो झाकणावर रुततो आणि स्क्रीनचं पॅनेल आतून तडकतं. हलकं मशीन घ्यायचंच तर कडक पाठीची स्लीव्ह घ्या, झाकणाची बाजू अंगाकडे ठेवा.

लॅमिंग्टन_गल्ली
दोघेही नव्या मशीनच्याच गोष्टी करताय. बजेट कमी असेल तर वापरलेलं थिंकपॅड एक्स२८० बघा, सव्वा किलोच्या आत बसतं. रॅम सोल्डर आहे, म्हणून १६ जीबीवालंच शोधा. एक्स२७० मध्ये रॅमचा स्लॉट आहे आणि मागची बॅटरी मशीन चालू असताना बदलता येते, पण त्याचे प्रोसेसर विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाहीत, आणि विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. लिनक्स चालवणार असाल तरच घ्या. पैसे देण्याआधी दुकानातच कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /batteryreport' चालवा आणि तयार झालेला रिपोर्ट उघडा. मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसतात. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला लावा.

चाळकरी
गॅन चार्जरचा सल्ला सरसकट देऊ नका. बहुतेक दोन पिनांचे असतात. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप त्यावर लावला की मनगटाला झिणझिण्या येतात. लोक घाबरतात, आणि घाबरायलाच हवं.

लॅमिंग्टन_गल्ली
उगाच भीती पसरवू नका. चार्जरमधला वाय-कपॅसिटर हा छोटा भाग विजेतला गोंगाट (नॉइज) गाळण्यासाठी असतो, त्यातून मायक्रोअँपिअरमध्ये करंट बॉडीवर येतो. अर्थिंग नसलं की तो जाणवतो. चांगल्या कंपनीच्या चार्जरमध्ये तो मर्यादेत असतो. तीन पिनांची वायर लावली की थांबतो.

चाळकरी
कुठे थांबतो? गिरगाव-लालबागच्या कितीतरी जुन्या इमारतींत बोर्डाला तिसरं भोक आहे, मागे अर्थची वायरच नाही. तिथे तीन पिनांनी काय होणार?

लॅमिंग्टन_गल्ली
हे मात्र खरं आहे, नाकारत नाही. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून तपासता येतं. फेज ते अर्थ २३०च्या आसपास आणि न्यूट्रल ते अर्थ पाचच्या आत दाखवलं तर बहुधा ठीक. फेज ते अर्थ ८०-१०० असं तरंगतं दाखवलं तर अर्थ नाहीच.

विरार_फास्ट
मग बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थ तारेने जोडून टाकायचे. बरेच वायरमन तसंच करतात.

चाळकरी
कृपा करून हे कुणी करू नका! वाटेत कुठे न्यूट्रल तुटला, तर अर्थला जोडलेली प्रत्येक बॉडी, लॅपटॉपची, फ्रीजची, गिझरची, थेट फेजवर येते. माणूस जातो त्यात. इमारतीचा अर्थ पिट (अर्थिंगसाठी जमिनीत केलेला खड्डा) तपासून वेगळी हिरवी वायर ओढून घ्या, आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

विरार_फास्ट
ठीक आहे, जोडायचं मागे घेतो. पण वजनाबद्दल माझं म्हणणं तेच.

डोंबिवलीकर
असू द्या. पावसाळ्याआधी एवढं करा: नुसतं झाकण मिटून सॅकेत टाकू नका, हायबरनेट करा, म्हणजे काम डिस्कवर साठवून मशीन पूर्ण बंद होतं. स्टँडबायमध्ये नवी मशीनं झोपलेली दिसली तरी आतून जागी असतात, स्लीव्हमध्ये तापतात आणि दादर येईतो बॅटरी उतरलेली असते. एसी लोकलमधून उतरल्यावर थंड मशीन लगेच उघडू नका, त्यावर दमटपणा धरतो. दहा-पंधरा मिनिटं बंद सॅकेतच राहू द्या.