पैसेवाल्या आरोपीची खुनाची केस सरकारतर्फे चालवताना

गोदाकाठची:
नमस्कार. नाशिकच्या सेशन्स कोर्टात सरकारी वकिलांच्या हाताखाली काम करते. सध्या एक खुनाची केस चालू आहे, आरोपी गडगंज, त्याच्यासाठी मुंबईहून मोठे वकील येतात, मागे ज्युनियरांची रांग. आणि आमचा मुख्य साक्षीदार निफाडकडे द्राक्षबागेत रोजंदारीवर, तारखेला आला की खाडा. परवा सीबीएस बसस्टँडजवळ चहा घेताना म्हणाला, ताई अजून किती वेळा यायचं, घरी दोघं जण येऊन बसून गेले. पैशाची ताकद नक्की कुठे लागते हो?

रिटायर्ड_पीपी:
मोठ्या वकिलाचं टेन्शन घेऊ नकोस, तो काय विचारणार ते तयारी केली की कळतं. पैसा लागतो तारखांमध्ये. केस लांबली की साक्षीदार थकतो, मग कुणीतरी घरी येऊन बसतं, मग तो फितूर होतो. दिल्लीतल्या मॉडेलच्या खुनाची ती जेसिका लाल केस बघ, खून 1999 चा, साक्षीदार फिरले आणि 2006 च्या फेब्रुवारीत सगळे सुटले. त्याच डिसेंबरात दिल्ली हायकोर्टाने मुख्य आरोपीला जन्मठेप दिली ती जे थोडे ठाम राहिले त्यांच्या जोरावर, 2010 ला सुप्रीम कोर्टानेही कायम केली. मी स्वतः अशी केस चालवली तेव्हा रात्र रात्र झोप नव्हती, पण एक पाळलं, आरोपी श्रीमंत आहे म्हणून राग धरून पुरावा ताणला नाही. संशयाचा फायदा त्यालाही असतोच, आपण ताणलं की उलटतपासात तेवढंच धरून बाकी खरा पुरावाही पाडतात.

सिन्नरकर_वकील:
सरांशी सहमत. पण ते दोघं घरी येऊन गेले हे फार सिरियस आहे, आधी ते बघा. 2018 च्या साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करा, जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे जातो, पोलिसांकडून धोक्याचा रिपोर्ट मागवतात. मॅजिस्ट्रेटपुढचा जबाब झालाय का? जुन्या सीआरपीसीचं कलम 164, आता त्याजागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं 183. झाला असेल तर माणूस फिरला तरी उलटतपासात त्याच्यापुढे ठेवता येतो, तेवढ्यावर शिक्षा होत नाही पण हात रिकामे राहत नाहीत.

गोदाकाठची:
जबाब झालाय. संरक्षणाचा अर्ज कुणालाच सुचला नव्हता, उद्याच आमच्या ऑफिसातल्या सरांशी बोलते.

रिटायर्ड_पीपी:
बोल. आणि सरतपास (आपण विचारतो ते प्रश्न) आणि उलटतपास एकाच दिवशी संपवायचा आग्रह धर, साक्ष सुरू झाली की रोजच्या रोज चालवावी असं कायद्यातच आहे. साक्षीदाराच्या भत्त्याचा कागदही त्याच दिवशी भरून दे, त्याचा खाडा आपल्यामुळे पडतोय.