बुंदी कालपासून खात नाहीये आणि दात वाजवतेय. सोमवारपर्यंत थांबलं तर चालेल का?

नाशिकची_बुंदी (शनिवार, रात्री 9.40)

आमची बुंदी सशाची मादी आहे, तीन वर्षांची, वजन पावणेदोन किलो. काल रात्री टाकलेली कोथिंबीर तशीच पडून आहे. आज दुपारी केळ्याची चकती पुढे केली, एरवी हातातून हिसकावते, पण नुसता वास घेऊन तोंड फिरवलं. कपाटामागच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलीय. बाहेर काढली की परत तिथेच जाते. ट्रेमध्ये सकाळपासून पाच-सहाच लेंड्या, त्याही मिऱ्यासारख्या बारीक. दोन तर केसात ओवल्यासारख्या निघाल्या.

जुलाब नाहीत, उलटी नाही, आवाजही काढत नाही. म्हणून आई म्हणते, पोट जड झालं असेल, एक दिवस लंघन पडू दे, आपोआप ताळ्यावर येईल.

अजून एक. दातांचा करकर आवाज येतोय. ससा खूश असला की दात वाजवतो असं मी वाचलं होतं. मग ही खूश आहे का? उद्या रविवार, आमचे नेहमीचे डॉक्टर नसतात. सोमवारी सकाळी नेलं तर चालेल ना?

माळावरचा (9.52)

ओव्याचं पाणी पाजा, होईल बरी. आमच्या वाड्यात पंधरा-वीस ससे असायचे, एकालाही कधी डॉक्टर दाखवला नाही.

खतावणी (10.10)

सोमवार विसरा. आत्ताच फोन लावायला घ्या, बाकीचं लावता लावता वाचा.

मी कोल्हापूरचा. साखर कारखान्यात तीस वर्षं हिशेब लिहिले, त्यामुळे सवय जडलेली. आमच्या घरी सशाच्या लेंड्यांचीसुद्धा वही आहे. आल्यागेल्याला बायको ती हसत हसत दाखवते. पण ती वही सुरू झाली पांडू गेल्यावर. 2016 चा जून. गुरुवारी संध्याकाळी त्यानं गवत सोडलं. माझं ऑडिट चालू होतं, म्हटलं उद्या बघू. शुक्रवारी सकाळी उचलला तर कान गार, नुकत्याच धुतलेल्या स्टीलच्या वाटीसारखे. दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्या मांडीवरच गेला. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची लेंडी कधी टाकली? मला सांगता येईना.

ससा दुखणं दाखवत नाही. रानात जो लंगडताना दिसला तो कोल्ह्याच्या तोंडी गेला, म्हणून लपवणं त्याच्या रक्तातच आहे. कुत्रं कण्हतं, मांजर गुरगुरतं, हा गप्प बसतो. त्याची तक्रार वाचायची ती ट्रेमध्ये. धडधाकट ससा दिवसाला दोन-तीनशे लेंड्या टाकतो, हरभऱ्याएवढ्या, गोल, कोरड्या. त्या बारीक झाल्या, कमी झाल्या, केसांत गुंफून यायला लागल्या, तर आतडं मंदावलंय. आतडं थांबलं की गॅस धरतो, गॅसनं दुखतं, दुखतं म्हणून खात नाही, खात नाही म्हणून आतडं आणखी थांबतं. दहा-बारा तास खाणं नाही किंवा लेंडी नाही म्हणजे तातडीचं. तुमचे चोवीस होत आले.

आईंना सांगा, राग मानू नका, पण लंघन माणसाला. सशाच्या आतड्याला खंड चालत नाही. आणि उलटी नाही याचा दिलासा घेऊ नका, ससा उलटी करूच शकत नाही.

दातांचं तुम्ही बरोबर वाचलंत, पण अर्धं. कपाळ कुरवाळताना अंग सैल सोडून जो हलकासा कुरकुर आवाज येतो, तो खुशीचा. अंग आवळून, डोळे अर्धे मिटून, दोन हातांवरूनही ऐकू येईल असा करकर आवाज, तो कळ सोसण्याचा. कोपऱ्यात बसून खुशी होत नाही हो.

आता एवढं बघा. कान हाताला गार लागतात का? घरात थर्मामीटर असेल आणि कुणी नीट धरणारं असेल, तर टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारातून ताप बघा. सशाचा ताप साधारण 101 ते 103 असतो, 100 च्या खाली म्हणजे वेळ फार नाही. धडपडायला लागली तर लगेच सोडा. मागचे पाय जोरात झाडून ससे स्वतःचाच कणा मोडून घेतात. कान गार असतील तर गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, सरकून लांब जायला जागा मात्र राहू दे. पोट हळूच दाबून बघा. मळलेल्या कणकेसारखं मऊ असेल तर ठीक, ढोलकीसारखं ताठ असेल तर तोंडातून काहीही घालू नका, पाणीसुद्धा. आत अडकलेलं असलं तर भरवणं उलटतं. आणि तोंड उघडून श्वास घेताना दिसली तर हे काहीच करत बसू नका, सरळ निघा. ससा श्वास नाकानेच घेतो, तोंड उघडतो तो अगदी गळ्याशी आल्यावर.

माळावरचे भाऊ, तुमच्या वाड्यात अधूनमधून एखादा ससा सकाळी ताठ झालेला सापडायचा का? आणि सगळे म्हणायचे, गारठ्यानं गेला? माझ्या आजोळीही असंच म्हणत.

लोकलची_खिडकी (10.31)

काकांनी लिहिलंय त्यात एकच भर, कारण याच चुकीत माझा पहिला ससा गेला. फोनवर आधी विचारा, "ससे तपासता का?" कुत्र्यामांजरांचे डॉक्टर भले असतात, पण सशाचं गणित वेगळं. आमच्या घराजवळच्या दवाखान्यातून अमॉक्सिसिलिनचं सिरप दिलं होतं. पेनिसिलिनच्या घरातली औषधं तोंडावाटे दिली तर सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि विष करणारे माजतात. तिसऱ्या दिवशी पाण्यासारखे जुलाब, चौथ्या दिवशी संपलं. फिप्रोनिल असलेला गोचिडांचा स्प्रेही सशाला मारायचा नाही. घरात कुत्रं असलं की तोच हाताशी येतो, म्हणून सांगतेय. भुलीचं इंजेक्शन द्यायची वेळ आली आणि कुणी "रात्रीपासून उपाशी ठेवा" म्हणालं, तर तिथेच दुसरा डॉक्टर शोधा. उलटी होत नाही, मग उपाशी कशाला?

मुंबईतलं कुणी हे वाचत असेल तर परळचं बैलघोडा, म्हणजे जनावरांचं हॉस्पिटल, लक्षात ठेवा.

बुंदीचं नसबंदीचं ऑपरेशन झालंय का, तेही डॉक्टरांना सांगा. माझ्या दुसरीची लघवी एकदा लाल झाली, मी स्टेशनपर्यंत रडत गेले, तर तो पालेभाज्यांमुळे उतरलेला रंग निघाला. पण ती पाच वर्षांची असताना परत लाल झाली, तेव्हा मात्र ते रक्त होतं, गर्भाशयात गाठ. ऑपरेशन न केलेल्या मादीत वय वाढलं की हे फार दिसतं. आणि आता पावसाळा आहे, शेपटीखाली उचलून बघा. तिथे ओलं, घाण राहिलं की माशी बसते, आणि एका दिवसात अळ्या पडतात. तेही रात्र काढण्याचं दुखणं नाही.

तिची ट्रेमधली ती मिऱ्यांची नक्षी डबीत घालून न्या. मी गंमत करत नाहीये.

नाशिकची_बुंदी (10.58)

ताप 99.2. कान गार. पोट ताठ नाही. सहाव्या फोनला एक डॉक्टर मिळाले, ससे बघतात, आत्ताच या म्हणाले. बाबा गाडी काढतायत. हनुवटीखाली केस ओले आहेत, ते मला आत्ता दिसलं.

खतावणी (11.02)

हनुवटीचं पहिल्यांदा सांगा त्यांना. दाढा बघायला लावा.

नाशिकची_बुंदी (रविवार, दुपारी 2.15)

झोप नाही, तुटक लिहितेय.

एक्स-रेत आतड्यात गॅस दिसला, अडकलेलं काही नाही. डॉक्टरांनी तोंडात नळीसारखं काहीतरी घालून उजेडात दाखवलं, मागच्या दाढेला काट्यासारखं टोक आलंय आणि त्यानं जिभेला जखम झालीय. दात आयुष्यभर वाढतात, गवत चघळून झिजायचे, आणि आम्ही काय देत होतो? मारी बिस्किटं, केळं, गाजर, कधीमधी कोथिंबीर. ही माझ्या हातची चूक. दुखण्याचं इंजेक्शन, कातडीखाली सलाइन, उबेची पेटी. ताप शंभरावर आल्यावर मग सिरिंजनं पातळ खाणं, एका वेळी थोडंसं. दाढ घासायची आहे, पण ती जरा सावरल्यावर.

पहाटे साडेपाचला पहिली लेंडी. बाबांनी मोबाइलच्या टॉर्चमध्ये मोजल्या, सातपर्यंत अकरा झाल्या. आई रात्रभर तिथेच बाकावर होती. लंघनाचं नाव कुणी काढलं नाही.

एक विचारायचं आहे. डॉक्टर म्हणाले, यापुढे मुख्य खाणं सुकं गवत. आमच्याकडे दूधवाले काका लसूणघास आणून देतो म्हणतात. चालेल?

माळावरचा (2.40)

बरं झालं. आमचा एक ससा लाळ गाळायचा, त्याची आठवण झाली. आम्ही त्याला गाजर किसून द्यायचो.

खतावणी (3.05)

लसूणघास वाढत्या पिल्लाला ठीक. मोठ्या सशाला रोजची नको, तिच्यात कॅल्शियम फार, लघवीत खडू कालवल्यासारखा गाळ येतो. ओटचं किंवा टिमोथीचं सुकं गवत मागवा, महाग पडतं खरं. जोडीला हरळी चालते, गणपतीला वाहतो तीच. औषध फवारलेली नाही ना, एवढी खात्री करा आणि धुऊन द्या. एकदम सगळं बदलू नका, आठवडा-दोन आठवडे घ्या. बिस्किटाचा डबा मात्र आजच शेजाऱ्यांना.

एक कोरी वही काढा. अकरा लिहा, तारीख घालून.